हवालदारास योग्य त्या चुकीबद्दलच शिक्षा मिळण्याबाबत

प्रति,
मा. शिस्तभंगविषयक प्राधिकारी,
पोलीस मुख्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : पाट्या रंगवणारा, चौकातले दुकान, 'पेंटर' या नावाने सर्वांना परिचित.

विषय : हवालदारांना निर्दोष ठरवणाऱ्या अहवालाविरुद्ध, तसेच त्याच हवालदारांना दोषी ठरवण्याच्या प्रस्तावाविरुद्ध, एकत्रित अर्ज.

संदर्भ : १) अर्जदाराची तक्रार, दोन वर्षांपूर्वीची. २) विभागीय चौकशीचा अहवाल, पाने एकेचाळीस. ३) हवालदारांना गेल्या सोमवारी मिळालेले नवे दोषारोपपत्र, अर्धे पान.

महोदय,

आपला वेळ मोलाचा आहे हे जाणून, पण गोष्ट मधूनच सांगता येत नाही म्हणून, अर्जदार पहिल्यापासून निवेदन करतो ते असे :

१. अर्जदार बावीस वर्षे पाट्या रंगवतो. दवाखाने, पिठाच्या गिरण्या, वकिलांची कार्यालये, 'येथे गाडी लावू नये', असा बऱ्याच भिंतींवर त्याचा हात फिरलेला आहे. तो भांडखोर नाही. मात्र चुकीची वेलांटी दिसली की त्याला दातात काहीतरी अडकल्यासारखे होते, हे तो आधीच कबूल करतो, कारण पुढचे सगळे त्यातूनच झालेले आहे.

२. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी अर्जदाराची घडीची शिडी दुकानाबाहेरून चोरीला गेली. तक्रार द्यायला तो सकाळी साडेअकराला पोलीस ठाण्यात गेला. टेबलामागे हवालदार बसले होते व त्यांच्या डोक्यावर पाटी होती : 'तक्रार निवारण दीन, दर शनिवारी ११ ते १'. अर्जदाराच्या पुढे सहा माणसे होती. तो शिडीचा विचार करायचा सोडून पाटीकडे बघत बसला. पाळी आल्यावर त्याने शिडीबद्दल बोलायच्या आधी नम्रपणे सांगितले, "साहेब, 'दिन'ला पहिली वेलांटी हवी. दुसरी वेलांटी दिली की अर्थ बदलतो. 'दीन' म्हणजे बिचारा, लाचार."

"म्हणजे आम्ही बिचारे?" हवालदारांनी विचारले.

अर्जदाराने येथे गप्प बसायला हवे होते. तो म्हणाला, "पाटीप्रमाणे फक्त शनिवारी, अकरा ते एक."

बाकावरची सगळी माणसे हसली. त्यांत एक पाकीटमार होता, तो सर्वांत मोठ्याने हसला. हवालदारांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी अर्जदाराचा मोबाइल काढून घेतला व ते म्हणाले, "मोठा आला ऱ्हस्व-दीर्घाचा बाप. बस तिकडे. मी सांगेपर्यंत उठायचं नाही." याखेरीज त्यांनी आणखी तीन शब्द वापरले. ते अर्जदार येथे लिहीत नाही. त्यांचे लेखन त्याला अचूक येते, पण हा अर्ज घरातली मंडळीही वाचणार आहेत.

३. अर्जदार त्या बाकावर पाकीटमाराच्या शेजारी सव्वाचार तास बसला. शेवटी हवालदार म्हणाले, "एवढं कळतं ना? मग दुरुस्त कर आणि जा." अर्जदाराच्या पिशवीत ब्रश व डबे होते. शिडी नव्हती, म्हणून तो खुर्चीवर चढला. दुसरी वेलांटी टर्पेंटाइनने पुसली, वर पांढऱ्या रंगाचा हात दिला, तो सुकेपर्यंत पाऊण तास वाट पाहिली व पहिली वेलांटी काढली. 'निवारण' आणि 'दिन' यांच्यामध्ये तिला पुरेशी जागा नव्हती, म्हणून 'द' थोडा उजवीकडे सरकवावा लागला. काम चोख झाले. शिडीची तक्रार मात्र घ्यायची राहिली, ती आजतागायत राहिलेली आहे.

४. याच वेळी अर्जदाराच्या सासूबाई भाजी घेऊन ठाण्यावरून जात होत्या. खिडकीतून त्यांना जावई खुर्चीवर चढलेला व खाली दोन पोलीस उभे असलेले दिसले. त्यांनी काय समजायचे ते समजून घेतले. संध्याकाळी घरी येऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, मी कुणालाही बोलले नाही हो." हे खरे आहे. त्या फक्त आपल्या बहिणीला, दोन्हीकडच्या व्याह्यांना, दूधवाल्याला व शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंना बोलल्या होत्या. त्याच शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर पाढे, प्राणी व जगाचा नकाशा रंगवण्याचे काम अर्जदाराचे ठरलेले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला बोलावले. त्या फार सभ्यपणे म्हणाल्या, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण पालक विचारतात. तुमची काही चूक नव्हती असा पोलिसांकडचा एक कागद आणा, लगेच सुरू करा." केवळ या एका कागदासाठी अर्जदाराने आपल्या कार्यालयात तक्रार दिली. हवालदारांचे वाटोळे व्हावे असे तेव्हा त्याला वाटत नव्हते, असे म्हणता येणार नाही. थोडे वाटत होते.

५. प्राथमिक चौकशीला दोन पोलीस घरी आले, तेव्हा अर्जदार कामावर होता. त्यांनी शेजारच्या चार घरी "माणूस कसा आहे?" असे विचारले. तोवर शेजारी अर्जदाराला बरा समजत होते. त्यानंतर ते नमस्कार करायच्या आधी इकडेतिकडे पाहू लागले.

६. नंतर अर्जदाराचा जबाब झाला. लिहिणारे कारकून वेगाने लिहीत, पण त्यांच्याकडे वेलांटी एकच होती, दुसरी. जबाब वाचायला मिळाला तो असा : "पाटीवर दीन असे चुकीचे लीहीले होते. दीन ऐवजी दीन हवे असे मी म्हणालो. दीन आणी दीन यात फार फरक आहे." अर्जदाराने सही करण्यास नकार देऊन दुरुस्ती मागितली. कारकून म्हणाले, "अहो, वाचताना बरोबर वाचायचं!" शेवटी जबाबाखाली शेरा पडला की, अर्जदार चौकशीस सहकार्य करत नाही. अहवालात पुढे असे आले की, अर्जदाराच्या म्हणण्यातून अर्थबोध होत नाही. त्या जबाबापुरते हे अर्जदारालाही मान्य आहे.

७. तरीही आपल्या कार्यालयाने हवालदारांवर रीतसर दोषारोपपत्र बजावले, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. आरोप तीन होते : नागरिकाला विनाकारण बसवून ठेवणे, अपशब्द वापरणे आणि लेखी आदेशाशिवाय शासकीय पाटीत बदल करवून घेणे. चौकशी करायला एक अधिकारी नेमले, आरोप मांडायला दुसरे, आणि हवालदारांनी आपल्या बचावासाठी एक निवृत्त कारकून आणले, ज्यांना नियमांचे पुस्तक तोंडपाठ होते व ज्यांना मध्येच थांबवता येत नसे. कागदोपत्री हवालदारांचे नाव 'अपचारी', म्हणजे आरोप असलेला, असे पडले. शिपाई दारात येऊन "अपचारी आले का?" असे ओरडे आणि हवालदार मान खाली घालून "आलोय" म्हणत. पहिल्या वेळी अर्जदाराला हे ऐकून बरे वाटले. तिसऱ्या वेळी वाटले नाही.

८. एकूण नऊ तारखा पडल्या. पहिल्या तारखेला आरोप वाचून दाखवले व बचाव करणाऱ्या कारकुनांनी हवालदारांच्या वतीने "नाकबूल" असे सांगून टाकले. दुसऱ्या तारखेला फाइलचे पहिले पान सापडेना. तिसऱ्या तारखेला अधिकारी बंदोबस्ताला गेले होते. चौथी तारीख संपूर्णपणे एका प्रश्नात गेली : अर्जदार सव्वाचार तास अडकला की पाच? बचाव असा होता की, "रंग सुकण्याचा कालावधी हा अडकवून ठेवण्याचा कालावधी धरता येत नाही, तो रंगाचा स्वभाव आहे." पाचव्या तारखेला पुरावा म्हणून ठाण्यातली पाटी काढून आणली. ती टेबलावर मावली नाही. ती दाराला टेकवून ठेवल्यामुळे साक्षीदाराला आत येता आले नाही व कामकाज पुढे ढकलले गेले.

९. खोलीबाहेर बाक एकच आहे. तक्रारदाराने व अपचाऱ्याने कुठे बसावे याबद्दल नियम नसावा. सुरुवातीला अर्जदार एका टोकाला व हवालदार दुसऱ्या टोकाला बसत, मध्ये तिघे आरामात बसतील एवढी जागा सोडून. पाचव्या तारखेला पाटी आत ठेवायला जागा करताना फाइलींचे गठ्ठे बाहेर काढून बाकाच्या अर्ध्या भागावर रचले गेले आणि दोघांना शेजारी बसावे लागले. मग दाराला टेकवलेल्या पाटीकडे बघत हवालदार एकदम म्हणाले, "ती पाटी मी काढली होती."

अर्जदाराला कळेना. "कुठली?"

"तीच. वरून पाटी मंजूर होत नव्हती. मी घरून रंग आणला, पट्टीने रेघा मारल्या, दोन सुट्ट्या घालवल्या. आमच्या साहेबांनी पाठ थोपटली होती. मी सातवीपर्यंत शिकलो. वर्षभर पाटी तिथे होती, कुणी काही बोललं नाही. आणि तुम्ही आलात आणि सगळ्यांसमोर..."

अर्जदाराने पाटी नीट पाहिली. मग त्याने खरे तेच सांगितले, "अक्षर चांगलं आहे. 'क्ष' असल्याशिवाय अक्षराची खरी परीक्षा होत नाही, पण तुमचा 'र' सुरेख आहे." आणि हेही सांगितले, "पाटी चुकली त्यात काही नाही, हवालदार. पण तुम्ही मला बसवलंत ते चुकलं. माझं काम गेलं त्याने."

"काम गेलं?" हवालदारांना हे माहीतच नव्हते. त्यांना फाइल वाचायला मिळाली होती, पण फाइलमध्ये शाळा नव्हती, सासूबाई नव्हत्या. नियमाप्रमाणे त्या विषयाला धरून नव्हत्या.

१०. सहाव्या तारखेला अर्जदाराची साक्ष झाली. बचाव करणाऱ्या कारकुनांनी त्याला एकशे चार प्रश्न विचारले, त्यांपैकी चाळीस व्याकरणाचे होते. हवालदार सबंध वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते.

सातव्या तारखेला, इतर साक्षीदारांचे काम सुरू होण्याआधीच, ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मी यांना बसवलं. काही कारण नव्हतं. लोक हसले म्हणून मला राग आला. शिव्याही दिल्या. चुकलो मी."

बचाव करणाऱ्या कारकुनांनी हवालदारांचा शर्ट मागून ओढला, तो पँटबाहेर आला. चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला व पुन्हा लावला. ते म्हणाले, "हे तुम्ही पहिल्या तारखेला सांगायचं. कबूल-नाकबूल त्या दिवशी विचारलं होतं. आता पुरावा चालू आहे. पुराव्यात कबुली कुठे लिहू मी?"

"कुठेही लिहा, साहेब."

"कुठेही कसं लिहिणार? तिला रकाना नको का?"

त्यांनी लेखी अर्ज द्यायला सांगितले. हवालदारांनी तिथेच लिहून दिला. तो परत आला, कारण अपचाऱ्याचा अर्ज बचाव करणाऱ्यामार्फत यावा लागतो. बचाव करणारे कारकून सही करेनात. ते दुखावून म्हणाले, "मला बचाव करायला आणलंय. कबुली द्यायची होती तर दुसरा माणूस बघायचा." त्या दिवसाच्या कामकाजात एवढीच नोंद आहे : "अपचारी भावनावश झाल्याने तहकूब."

११. आठव्या व नवव्या तारखेला काय झाले ते अर्जदाराला नीटसे समजले नाही. अहवाल मात्र त्याने तीनदा वाचला. पहिल्या आरोपाबद्दल पान अडतीसवर असे म्हटले आहे : "तक्रारदार चौकशीच्या नऊही तारखांना स्वतःहून बाकावर दीर्घकाळ बसलेला आढळून आला. यावरून बाकावर बसणे ही त्याची सवय असल्याचे दिसते. आरोप सिद्ध होत नाही." अपशब्दांचा आरोपही सिद्ध होत नाही, कारण पाकीटमार साक्षीला आला नाही, तो दुसऱ्या कामात अडकला होता. तिसऱ्या आरोपात पाटी बदलली गेली हे सिद्ध झाले, पण ती बदलणारा हात अर्जदाराचा निघाला. त्यामुळे शासकीय पाटीत फेरफार केल्याबद्दल अर्जदारालाच नोटीस आली. मूळ पाटी तज्ज्ञांकडे तपासायला गेली असून ठाण्यात तिच्या जागी तूर्त एक कागद चिकटवला आहे. तो कुणी लिहिला हे अर्जदार विचारणार नाही.

हा अहवाल हाती पडला त्या दिवशी अर्जदार मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलाच नाही. पोलिसांचा कागद मिळाला होता, पण त्यावर त्याची बाकावर बसण्याची सवय लिहिली होती. एरवी या चौकशीच्या गोष्टींना हसणाऱ्या पत्नीने घरी अहवाल वाचला, ती या वेळी हसली नाही. ती म्हणाली, "आता सोडा हे." अर्जदाराने सोडले होते.

१२. यानंतर जे घडले ते अर्जदाराच्या सांगण्यावरून घडलेले नाही, हे कृपया अधोरेखित करून वाचावे. गेल्या महिन्यात आपल्या सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यांत, हवालदार त्या शाळेत गेले. तास चालू असल्यामुळे ते मुलांच्या छोट्या बाकावर गुडघे जवळ घेऊन पाऊण तास थांबले. मग मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले, "तो पेंटर आहे ना, त्याची काही चूक नव्हती. मी उगाच बसवलं होतं त्याला. मीच तो हवालदार."

बाईंनी विचारले, "हे लिहून द्याल?"

हवालदारांनी क्षणभर विचार केला. बाहेरच्या संस्थेला काही लिहून द्यायचे तर वरून परवानगी घ्यावी लागते हे त्यांना माहीत होते. तीस वर्षे नोकरी झाली आहे त्यांची. बाई सांगतात की, ते म्हणाले, "परवानगी मागितली तर मिळायची नाही, आणि मिळाली तर मी निवृत्त झालेला असेन." मग त्यांनी वहीचे रेघांचे पान मागून घेतले व चार ओळी लिहिल्या. खाली सही व बक्कल क्रमांक. बाईंनी दुसऱ्याच दिवशी अर्जदाराला बोलावून काम सुरू करायला सांगितले. नऊ तारखा, दोन अधिकारी व एकेचाळीस पाने यांना जे जमले नाही ते त्या चार ओळींनी केले, हे अर्जदार कुणाला दुखवण्यासाठी लिहीत नाही.

१३. आता आजच्या अर्जाचे कारण. भिंत पाहायला आलेल्या एका पालकाने कौतुकाने त्या पानाचा फोटो काढला. तो फिरत फिरत आपल्या कार्यालयात पोहोचला. गेल्या सोमवारी हवालदारांना नवे दोषारोपपत्र मिळाले : 'विनापरवानगी बाह्य संस्थेस लेखी निवेदन देऊन खात्याची प्रतिमा मलिन करणे.' प्रस्तावित शिक्षा, सेवेतून कमी करणे. निवृत्तीला त्यांचे चौदा महिने राहिले आहेत. बचाव करणारे कारकून यावेळी नाहीत. हवालदार म्हणतात, यावेळी पहिल्याच तारखेला रकाना असेल, मी तिथेच कबूल म्हणणार. म्हणजे ही चौकशी एका तारखेत संपेल व आरोप पूर्ण सिद्ध होईल. अर्जदाराला हे कळल्यापासून जेवण जात नाही. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "अहो, त्या माणसाचं काहीतरी करा. खरं बोलला बिचारा." अर्जदाराने त्यांना कधी पोलिसांची बाजू घेताना पाहिले नव्हते.

१४. अर्जदार गेली दोन वर्षे या कार्यालयात शिक्षा मागत आला आहे व आजही मागतो. हवालदार निर्दोष आहेत असे त्याचे म्हणणे नाही. त्यांनी एका माणसाला चारचौघांसमोर बसवून ठेवले, अंगावर वर्दी होती म्हणून त्यांना ते जमले, आणि त्याची किंमत त्या माणसाच्या घराने मोजली. त्याबद्दल त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. नियमांत ठपका नावाची शिक्षा आहे असे अर्जदार या बाकावर बसून शिकला. तीच द्यावी, कागदावर द्यावी, आणि कबुलीची तारीख सातवी असे स्वच्छ लिहावे. रकाना नसेल तर अर्जदार आखून द्यायला तयार आहे.

पण ज्या दिवशी ते चुकले त्या दिवसाबद्दल त्यांना सोडून, ज्या दिवशी ते खरे बोलले त्या दिवसाबद्दल घरी बसवू नये. एवढी अदलाबदल करावी. माणूस तोच आहे, खाते तेच आहे, सही करणारे आपणच आहात. कागद फक्त एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये जाईल.

१५. हा अर्ज अर्जदाराने काल दुपारी हवालदारांना त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. चौदावा परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचायला लावला. त्यांची पत्नी दारात उभी होती. ती म्हणाली, "शिक्षा द्याच म्हणताय की तुम्ही." हवालदार तिला म्हणाले, "बरोबर आहे ते. राहू दे तसंच." अर्जदाराने तसेच राहू दिले आहे.

कळावे. उत्तराची वाट पाहत आहे. सुनावणी ठेवल्यास अर्जदार व हवालदार दोघेही हजर राहतील, एकत्रच येतील.

आपला विश्वासू,
(सही)
अर्जदार, पाट्या रंगवणारा
दिनांक : आज, मंगळवार

सोबत :
१) अहवालाचे पान अडतीस.
२) अर्जदाराच्या जबाबाची प्रत. अर्थ लागत नसल्यास परिच्छेद सहा पाहावा.
३) हवालदारांच्या चार ओळींची प्रत. मूळ पान मुख्याध्यापिकाबाईंनी कपाटात ठेवले आहे. तपासायचे असल्यास ते तिथेच येऊन पाहावे, बाई ते बाहेर देणार नाहीत, असे त्यांनी कळवायला सांगितले आहे.